शेळ्यांच्या वेताचे दिवस

शेतकऱ्याच्या घरी पेरणीचे दिवस गाजतात, सुगीचे दिवस साजरे होतात. शेळ्यांच्या वेताचे दिवस मात्र फारसा गाजावाजा न करता येतात आणि तसेच निघून जातात. गाय व्याली तर चार घरी खरवस जातो. शेळी व्याली तर शेजाऱ्याला ती वार्ता दुसऱ्या दिवशी पहाटे करडाच्या ओरडण्यावरूनच काय ती कळायची. आणि तरीही कोरडवाहू मुलखातील कितीएक घरांचा वर्षाचा जमाखर्च या पंधरा-वीस दिवसांवर अवलंबून असतो. मुलांच्या शाळेचा खर्च, दवाखान्याची नड, पेरणीच्या वेळचे खताचे पोते, यांपैकी काय भागेल आणि काय उधारीवर राहील हे पुष्कळदा मार्गशीर्षातल्या थंडीत गोठ्याच्या एका कोपऱ्यात ठरून जाते.

शेळीला गरिबाची गाय म्हणण्याचा प्रघात जुना आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशातील शेळ्यांची संख्या सुमारे १४ कोटी ८८ लाख भरली, आणि एकट्या महाराष्ट्रात ती सुमारे १ कोटी ६ लाख होती. हा आकडा मोठमोठ्या कळपांचा नव्हे. तो बव्हंशी दारात बांधलेल्या चार-चार, पाच-पाच शेळ्यांचा आहे. प्रांत बदलला की शेळीचे रूप बदलते. कलकत्त्याकडील मराठी श्रोत्यांनी बंगालची बुटकी, काळी, जुळी-तिळी देणारी शेळी पाहिली असेल. इटाव्याकडे लांब लोंबत्या कानांची, उंचनिंच जमुनापारी दिसते. राजस्थानात सिरोही, पंजाबात बीटल. खुद्द महाराष्ट्रात संगमनेरी आहे, वऱ्हाडात बेरारी आहे, सिंधुदुर्गात कोकण कन्याळ आहे. आणि बालाघाटाच्या डोंगररांगांत, ज्या जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले, तेथील शेळी अद्यापि जुन्याच नावाने ओळखली जाते. जिल्ह्याचे नाव पालटले तरी उस्मानाबादी शेळी उस्मानाबादीच राहिली. बहुधा काळीभोर, क्वचित पांढऱ्या ठिपक्यांची, अंगाने मध्यम, पोटाला काटक आणि विण्याला उदार अशी ही जात आहे. चांगल्या निगराणीत ती दोन वर्षांत तीन वेते देते, आणि जुळी हा तिच्या बाबतीत नवलाचा विषय नाही.

अशा शेळ्या सांभाळणारे एक घर डोळ्यांसमोर आणावे. बालाघाटाच्या उतारावर तीन एकर हलकी जमीन. पावसाळ्यात सोयाबीन आणि तूर, मागून रब्बीची ज्वारी. घरात साठी ओलांडलेली आजी, तिचा मुलगा, सून आणि शाळेत जाणारी दोन नातवंडे. घराच्या पाठीमागे पत्र्याचे छप्पर, तुराट्यांचा कूड आणि त्यात पाच शेळ्यांची दावण. पाचांपैकी चार घरच्या. पाचवी शेजारणीची, अर्धलीने सांभाळायला घेतलेली. शेजारीण आणि तिचा नवरा दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. त्या व्यवहारात नवराबायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. कोयता गावाबाहेर पडला म्हणजे दाराला कुलूप लागते, आणि कुलपाआड शेळी राहू शकत नाही. म्हणून ती शेजारी येते. दाणावैरण आणि राखण पाळणाराची, शेळी मालकिणीची, होणाऱ्या करडांत निम्मानिम वाटा, अशी ही तोंडी बोली. कागद नाही, साक्षीदार नाही.

वेताचे दिवस मोजण्याची आजीची रीत वेगळी आहे. शेळीचा गर्भकाल सुमारे दीडशे दिवसांचा, हे पशुवैद्यकाच्या पुस्तकात आहे. आजी तेच अमावस्यांवर मोजते. आषाढातल्या दिव्याच्या अवसेला शेळी बोकडाला दाखवली, म्हणजे मार्गशीर्षातल्या अवसेला ती व्यायची. पाच चांद्रमास म्हणजे एकशे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस दिवस. पुस्तकाचा हिशेब आणि आजीचा हिशेब यांत फार तर दोन-तीन दिवसांचे अंतर पडते. निरक्षर माणसाचे गणित कच्चे असते असा जो एक समज शिकलेल्यांत आढळतो, तो गोठ्यापर्यंत जाऊन आलेल्या माणसाचा सहसा नसतो.

या दिवसांत घराचा दिवस चारच्या सुमारास सुरू होतो. आजी उठते ती प्रथम चुलीकडे जात नाही, दावणीकडे जाते. कंदिलाच्या जागी आता हातात मोबाईलचा उजेड असतो, एवढाच काय तो फरक. कोणती शेळी उभी आहे, कोणती बसली आहे, कोणी वैरण टाकून दिली आहे, कोण पुढच्या खुराने जमीन उकरते आहे, हे ती पाहते. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खळगे पडले, कास ताणून चकचकीत झाली आणि शेळी इतरांपासून दूर कोपऱ्यात जाऊ लागली, की तो दिवस तिच्यासाठी राखून ठेवावा लागतो. सून लेंड्या झाडून खड्ड्यात टाकते. लेंडीखत ज्वारीला मानवते, म्हणून त्यातली एक पाटीही वाया जात नाही. मग पिण्याला कोमट पाणी, तुरीचे भूस, आणि ज्या शेळ्यांचे महिने भरत आले आहेत त्यांना मूठ-दोन मुठी ज्वारीचा भरडा. येथे हात राखावा लागतो. पोटात जुळी वाढत असता शेळी अर्धपोटी राहिली तर शेवटच्या पंधरवड्यात ती अन्नच सोडते, अंग टाकते आणि आईसह करडेही जातात. उलट एकदम दाणा फार झाला तर पोट फुगते. तागडी नाही, माप नाही. सुनेची मूठ हेच माप.

ऊन अंगावर आले की हिंडत्या शेळ्या घेऊन नातू शाळेपूर्वी तासभर बांधाने जातो. बोर, बाभूळ, हिवर यांचा पाला हा शेळीचा खरा आहार. ती गवतापेक्षा झुडपांवर अधिक जगते, आणि याच कारणाने तिच्यावर रान उजाड करण्याचा आळही आलेला आहे. पाणलोट विकासाच्या कामांबरोबर अनेक गावांत चराईबंदी आली. तिचे फायदे डोळ्यांना दिसले. डोंगर हिरवे झाले, विहिरींना पाणी वाढले. पण ज्या घराला स्वतःचा बांधही नव्हता, त्या घरच्या बाईने शेळी कोठे चारावी, या प्रश्नाचे उत्तर ग्रामसभेत फारसे शोधले गेले नाही. बहुतेक ठिकाणी तिने शेळी विकली. हिरव्या डोंगराच्या जमेच्या बाजूला हा खर्च मांडला जात नाही, हे न्यायाचे नव्हे.

आता दुधाचा प्रश्न. उस्मानाबादी शेळी दिवसाला अर्धा ते दीड लिटर दूध देते, आणि त्यावर हक्क सांगणारे पुष्कळ असतात. चहा कोरा प्यावा लागतो अशी मुलाची तक्रार. धाकट्या नातीला सकाळी वाटीभर दूध मिळावे अशी सुनेची इच्छा. आणि दावणीखाली, बांबूच्या डालग्याखाली झाकलेली, आईच्या चाहुलीने ओरडणारी करडे. पहिला महिना आजी कासेला कोणाला हात लावू देत नाही. महिन्यानंतर एक सड घराचा व एक सड करडाचा असा वाटा होतो. या वाट्यावरून घरात जे थोडेफार शब्द उडतात ते क्षुल्लक समजू नयेत. आरंभीच्या आठवड्यांत दूध तोडलेले करडू पुढे कितीही पाला घाला, खुरटलेलेच राहते. बाजारात त्याला हात लावून गिऱ्हाईक पुढे निघून जाते. चहातले दूध आज गोड लागते आणि सात-आठ महिन्यांनी बोकडाच्या किमतीतून वजा होते. हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण पहाटेच्या थंडीत कोऱ्या चहाचा पेला हाती घेतलेल्या माणसाला ते पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

मार्गशीर्षातील अमावस्या ही वेळा अमावस्या. लातूर-धाराशिवकडे तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी घरे ओस पडतात आणि शिवारे गजबजतात. निसवण्याच्या बेतात आलेल्या ज्वारीत कडब्याची कोप उभारतात, तीत पांडवांची पूजा मांडतात, आणि भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील यांचे जेवण मोठ्या पंगतीने होते. आणि नेमक्या त्याच दिवशी, आजीच्या हिशेबाप्रमाणे, शेजारणीच्या शेळीचे दिवस भरले. सकाळपासून तिने वैरणीला तोंड लावलेले नव्हते.

सून म्हणाली, “आत्याबाई, तुम्ही जावा शेताला. मी राहते.”

“तू जा लेकरं घेऊन,” आजी म्हणाली. “माझ्या वाटची आंबील तांब्यात घेऊन या म्हणजे झालं.”

ती राहिली, आणि राहिली हे बरे झाले. दुपार कलताना पाणमोट दिसली, मग दोन पुढचे खूर आणि त्यांवर टेकलेले नाक. करडू असे सरळ येत असेल तर माणसाने हात घालू नये, हा या कामातला पहिला नियम. अधीरपणाने केलेली ओढाओढ शेळीच्या जिवावर बेतते. पहिला बोकड झाला. आईने त्याला चाटायला सुरुवात केली. काही मिनिटांनी दुसरा बोकड झाला. आजीने दोघांच्या नाकातोंडातील चिकटा बोटाने काढला, बेंबीची नाळ दोन बोटांवर दोऱ्याने बांधून कापली आणि तिला आयोडीन लावले. ही आयोडीनची बाटली गावातल्या पशुसखीने आणून दिलेली. शेळीचे पोट मात्र पुरते उतरले नव्हते. अर्ध्या तासाने तिसरे आले. एवढीशी पाठ, तळहातावर मावेल अशी वाटणारी, आणि निपचित.

असल्या वेळी काय करायचे हे शिकवून येत नाही, पाहून येते. आजीने तिला मागच्या पायांनी धरून उलटे झोकावले, नाकात गवताची काडी फिरवली, गोणपाटाने खसखसा पुसले. एक शिंक आली. मग आजीने तिच्या तोंडात बोट घालून पाहिले. तोंड गार होते. गार पडलेल्या करडाला लगेच दूध पाजू नये; त्याला गिळता येत नाही आणि दूध फुफ्फुसात उतरते. आधी ऊब, मग दूध. चुलीपाशी पोत्यात गुंडाळून ठेवल्यावर तासाभराने बोट चोखले गेले. मग आजीने सडाचे तोंड मोकळे करून चीक वाटीत काढला आणि बोटाने थेंब थेंब चाटवला.

या चिकाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. वार पडेपर्यंत करडाला पाजू नये, किंवा पहिला चीक जड असतो म्हणून जमिनीवर पिळून टाकावा, असा समज खेड्यांतून पुष्कळ ठिकाणी आढळतो. शास्त्र याच्या नेमके उलट सांगते. शेळीच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भाशयात असता करडाला मिळत नाहीत. ती त्याला केवळ चिकातून मिळतात, आणि करडाच्या आतड्याची ती शोषून घेण्याची शक्ती पहिल्या काही तासांत घटत जाऊन दिवसाभरात जवळजवळ संपते. म्हणजे पहिल्या दिवशी न मिळालेले दुसऱ्या दिवशी कितीही दूध पाजून भरून निघत नाही. म्हणूनच गाभण शेळीला शेवटच्या महिन्यात आंत्रविषाराची लस टोचून घ्यावी असे सांगतात; तिचा लाभ चिकाच्या वाटेने करडाला पोहोचतो. आजीने हे कारण पशुसखीकडून अलीकडे ऐकले. कृती मात्र ती आधीपासून करीत होती; वार पडायची वाट पाहत बसलेल्या घरांतली करडे आपल्या करडांपेक्षा अधिक मरतात, एवढे तिने पाहिले होते.

संध्याकाळी मंडळी परतली. तांब्यातली आंबील ओट्यावर तशीच राहिली. शेळीला सड दोन आणि करडे तीन. दोन धटिंगण बोकडांनी दोन सड धरले होते आणि पाठ पोत्यात पडून होती. सुनेने तिच्याकडे पाहिले आणि हळूच म्हटले, “आत्याबाई, फोन आला तर दोनच सांगा. ही काही सकाळ बघत नाही. उद्या मेली तर त्या म्हणतील, इकली असंल.”

या बोलण्यात लबाडी होती असे म्हणता येणार नाही. अर्धलीच्या व्यवहारात मेलेल्या करडाइतका भांडणाला सोयीचा विषय दुसरा नाही. मेले ते कोणाच्या वाट्याचे, खरोखर मेले की नाही, राखण नीट झाली होती का, असे प्रश्न निघतात, आणि दहा-दहा वर्षांचे शेजार त्यावरून तुटतात. शिवाय बोली करताना तिसऱ्या करडाचा विचार कोणी केला नव्हता. आजी काही बोलली नाही.

रात्री आठाच्या सुमारास फोन वाजला. दूर उसाच्या फडाशेजारच्या खोपीतून शेजारीण बोलत होती. दिवसभर मोळ्या बांधून नुकतीच टेकली होती.

“काकू, व्याली का हो?”

“व्याली.”

“किती?”

क्षणभर आजीने चुलीकडे पाहिले. “तीन. दोन बोकडं अन् एक पाठ. पाठ लई बारीक हाय.”

“दूध पितीय का?”

“बोटानं पाजलंय. सकाळपतूर काय होतंय ते बघू.”

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग शेजारीण म्हणाली, “काकू, तिसरीचं आपण बोललोच नव्हतो.”

“बोलू की. जगू तर दे तिला.”

त्या रात्री वीज अकरानंतर आली. पाण्याच्या पाळीसाठी मुलगा बॅटरी घेऊन शेताला गेला, आणि सून व आजी आळीपाळीने जाग्या राहिल्या. वार रात्री पडली. आजीने ती लगोलग खोल पुरली, कारण तिच्या वासाने कुत्री आणि माळावरचा लांडगा गोठ्याकडे वळतो. दर दोन तासांनी पाठीला वाटीतून पाजले. पहाटे ती उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली, आणि पोटातली पहिली काळी चिकट घाण तिने टाकली. ती दिसली की आतडे चालू झाले असे समजतात. सून तेव्हा प्रथम हसली.

पुढचा प्रश्न दुधाचाच. घरच्या एका शेळीला चार दिवसांपूर्वी एकच करडू झालेले होते आणि तिची एक बाजू भरलेली राहत होती. परंतु शेळी आपले करडू वासाने ओळखते. ती ओळख जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांतच पक्की होते, आणि नंतर परके करडू जवळ आले तर ती शिंगाने उडवून देते. तेव्हा रोज तीन वेळा नातवाने तिची शिंगे धरायची, तिचे स्वतःचे करडू एका सडाला लावायचे आणि मागच्या अंगाने पाठीला दुसऱ्या सडाला लावायचे, असा क्रम सुरू झाला. पहिले तीन दिवस तिने लाथा मारल्या. मग तिचे दूध पोटात जाऊ लागल्याने पाठीच्या अंगाला तिचाच वास येऊ लागला म्हणा, किंवा ती कंटाळली म्हणा, आठव्या दिवशी शिंगे धरावी लागली नाहीत.

मुलाने मात्र एकदा हिशेब मांडून पाहिला. ज्या सडाचे दूध महिन्यानंतर घराला मिळायचे, ते आता एका अशा करडाला चालले होते, जे आपले की शेजाऱ्याचे हे ठरलेलेच नव्हते. हिशेब बरोबर होता. आजीने तो ऐकून घेतला आणि त्याच्यापुढे कोऱ्या चहाचा पेला सरकवला.

पंधरा दिवसांनी गोठ्याचे रूप पालटते. डालगी उचलली की सात-आठ करडे एकदम बाहेर पडतात, ओट्यावर चढतात, उडी मारतात, पुन्हा चढतात. नात शाळेला जायचे विसरते. बोराची डहाळी टांगली की ती तोंडात धरून चघळू लागतात, आणि त्याबरोबर त्यांच्या पोटात पाला पचवण्याची तयारी सुरू होते. पाठ अजून सर्वांत लहान आहे. बोकडांच्या धक्क्याने ती कडेला फेकली जाते आणि खालच्या डहाळीचे पान ओढते.

थंडी ओसरते, तूर खळ्यावर येते, ज्वारी पिवळी पडू लागते. साखर कारखान्यांचे पट्टे पडले की पाडव्याच्या सुमारास तोडीची माणसे परततात. तोवर करडे तीन महिन्यांची, दुधावरून तुटण्याजोगी झालेली असतील. वाटणी तेव्हा व्हायची आहे. दोन बोकडांचा निवाडा सोपा आहे, एक इकडे आणि एक तिकडे. पाठीविषयी आठवड्यातून एकदा फोनवर विचारणा होते, ती आता केवढी झाली, खाते का, आणि तिचा रंग आईवर गेला आहे का. ती कोणाची, हे मात्र अजून दोघींपैकी कोणीच काढलेले नाही. घरच्या शेळ्यांच्या कानाला सून दरवर्षी खुणेचा लाल दोरा ओवते. यंदा तिने चार करडांना तो ओवला, आणि पाठीचा कान तसाच ठेवला.